संगणकाची स्मृती व नोंदींचा साठा

भोर तालुक्यातील उत्रोली गावच्या भातपिकाची नोंद पूर्वी गावच्या दप्तरात, कागदावर होत असे. कागद डोळ्यांना दिसे, हाताला लागे. तो भिजला, फाटला किंवा त्यास वाळवी लागली तर तेही कळे. आता गाव नमुना ७ व १२ संगणकावर आले आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमध्ये शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईल फोनवरून करावयाची असते. त्यामुळे ही नोंद नेमकी राहते कोठे, वीज गेली तर तिचे काय होते, फोन हरवला तर ती गेलीच काय, असे प्रश्न शेतकरी बंधू विचारतात. ते रास्त आहेत. नोंदीवरच नुकसानभरपाई, पीकविमा व कर्ज अवलंबून असल्यामुळे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की मोबाईल फोन हाही एक संगणकच होय. लहान असो वा मोठा, प्रत्येक संगणकात हिशेब करणारा प्रोसेसर, काम चालू असताना लागणारी स्मृती आणि काम संपल्यावर माल ठेवण्याचा साठा, असे तीन मुख्य भाग असतात. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या भागांत लोकांची फार गल्लत होते, कारण दुकानदार दोहोंनाही ‘मेमरी’ असेच म्हणतो.

शेतकऱ्यास हा भेद समजणे मुळीच कठीण नाही. मळणीच्या वेळी भात खळ्यावर असते. तेथे ते हाताशी असते, भराभर झोडता येते, उफणता येते. परंतु खळ्यावरचे धान्य म्हणजे घरात आलेले धान्य नव्हे. अवकाळी पावसाची एक सर आली की ते गेले. कणगीत भरले म्हणजे ते सुरक्षित. मात्र काढावयास थोडा वेळ लागतो. संगणकाचे खळे म्हणजे रॅम, व कणगी म्हणजे साठा. फोनच्या खोक्यावर ‘४ जीबी’ व ‘६४ जीबी’ असे दोन आकडे असतात. त्यांतील लहान आकडा खळ्याचा व मोठा कणगीचा असतो.

रॅममध्ये अतिसूक्ष्म विद्युतभार साठविलेले असतात आणि ते सारखे झिरपत असतात. म्हणून यंत्र दर सेकंदास अनेक वेळा ते पुन्हा भरून घेते. वीज तुटली की हे भरणे थांबते व क्षणार्धात सर्व काही पुसले जाते. अर्ज अर्धा भरला असता फोनची बॅटरी संपली तर पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागते, ते यामुळेच.

आता नोंद लिहिली कशी जाते ते पाहू. यंत्रास अक्षरे येत नाहीत. त्यास फक्त ‘आहे’ व ‘नाही’ या दोनच गोष्टी कळतात. ओळीने आठ दिवे मांडले आहेत अशी कल्पना करावी. उजवीकडून पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, चौथ्याची ८, याप्रमाणे प्रत्येक दिव्याची किंमत दुप्पट होत जाते. पहिले तीन दिवे लावले की ४, २ व १ मिळून ७ झाले; तिसरा व चौथा लावला की ४ व ८ मिळून १२ झाले. सातबारा यंत्रात शिरतो तो अशा रीतीने. एका दिव्यास बिट व आठ दिव्यांच्या ओळीस बाइट म्हणतात, आणि एका बाइटात २५६ निरनिराळ्या खुणा मांडता येतात. देवनागरीतील चिन्हांस प्रचलित पद्धतीप्रमाणे प्रत्येकी तीन बाइट लागतात. ‘उत्रोली’ या शब्दात स्वर, व्यंजने, मात्रा व जोडाक्षराचा हलन्त धरून सात चिन्हे होतात. म्हणजे केवळ गावाच्या नावास २१ बाइट, अथवा १६८ दिवे.

यावरून जागेचा अंदाज बांधता येतो. दोन हजार चिन्हांच्या लिखित पानास सहा हजार बाइट लागतील. याउलट शेताचे एक छायाचित्र सहज तीस लक्ष बाइटांचे असते. तेवढ्या जागेत अशी ५०० पाने मावतील. अक्षरे चटकन जातात व छायाचित्र मात्र रेंगाळते, त्याचे कारण हेच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक पूर्ण झाला. त्याची स्मृती तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची होती. चाळीस बिटांचे २,०४८ शब्द तीत राहत, म्हणजे १०,२४० बाइट. वर सांगितलेली दोन पानेही तीत मावली नसती! तथापि त्या कड्यांत एक गुण आजच्या रॅमहून सरस होता : त्यांतील चुंबकत्व वीज गेल्यावरही राहत असे.

आजच्या कणग्या दोन प्रकारच्या आहेत. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा उमटविल्या जातात. तिला धक्का सोसत नाही. फोनमध्ये व मेमरी कार्डात फ्लॅश साठा असतो. त्यात विद्युतभार विरोधक आवरणाच्या आत कोंडून ठेवलेला असल्यामुळे वीज नसतानाही तो टिकतो. परंतु वारंवार पुसून लिहिल्याने ते आवरण झिजते, आणि उष्णतेत बरीच वर्षे तसेच पडून राहिल्यास भारही ओसरतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील अठराव्या शतकाचे मोडी कागद आजही वाचता येतात; दहा वर्षे वापरलेल्या हार्ड डिस्कबद्दल असा भरवसा देता येणार नाही. संगणकीय नोंद टिकते ती वस्तूच्या बळावर नव्हे, तर वेळोवेळी नव्या प्रती करीत राहिल्याने. बियाण्याचे भात खाण्याच्या कणगीत न ठेवता निराळे ठेवण्याची चाल शेतकऱ्यास नवी नाही.

पीक पाहणीच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. शेतात रेंज नसेल तर नोंद व छायाचित्र फोनमध्येच राहतात. रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन ते अपलोड करावे लागते. तोपर्यंत सगळे पीक एकाच कणगीत आहे असे समजावे. तो फोन खाचरात पडला, किंवा जागा होत नाही म्हणून मुलाने ॲपच काढून टाकले, तर शासनाच्या दृष्टीने ती नोंद झालेलीच नसते. उलट ती सर्व्हरवर पोचल्यावर फोन फुटला तरी नोंदीस धक्का लागत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी ‘फोटो काढला काय?’ एवढे विचारून थांबू नये. अपलोड झाल्याचा संदेश समक्ष पाहावा.

फोन भरल्याची तक्रार आली असता रॅमचा विचार करू नये. जुनी चलचित्रे काढून टाकली की साठा मोकळा होतो. लिहिण्याचे काम चालू असताना मेमरी कार्ड ओढून काढू नये, आणि फोन उन्हात बांधावर ठेवू नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा फोनमध्ये उतरवून घेतला असेल तर ती फाइल जशीच्या तशी जपावी. तीतील एक बिट जरी बदलला तरी स्वाक्षरीची पडताळणी जुळत नाही. कागदावरील छापील प्रतही घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत असू द्यावी. तिला बॅटरी लागत नाही.