रस्त्यात पडलो, पण चूक कुणाची? भरपाईचा हक्क आणि तो मिळवण्याची वाट

मांजरसुंब्याचा चौक ज्याला माहीत आहे, त्याला तिथली गर्दी सांगायला नको. धुळे-सोलापूर महामार्ग, केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता, पाटोद्याकडे जाणारा रस्ता, सगळे इथेच एकत्र येतात. एसटीची वाट पाहणारे, हॉटेलात कामाला येणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. अशा ठिकाणी खड्ड्यात पाय मुरगळतो, उघड्या नालीत माणूस पडतो, दुचाकी घसरते. हाड मोडलं की दोन-तीन महिने मजुरी बुडते, वर दवाखान्याचं कर्ज. आणि आपण म्हणतो, "आपलंच नशीब, आपलंच लक्ष नव्हतं."

सामाजिक काम करताना हे वाक्य मी वारंवार ऐकतो. प्रत्येक वेळी ते खरं नसतं. रस्ता नीट ठेवणं हे कुणाचं तरी कायदेशीर कर्तव्य असतं.

न्यायालयाने काय सांगितलं?

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने महत्त्वाचा आदेश दिला. चांगला, सुरक्षित रस्ता मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असं त्यात म्हटलं आहे.

ही रक्कम ठरवण्यासाठी समिती असते. नगरपरिषदेच्या हद्दीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिच्यात असतात. महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग अशा यंत्रणांच्या रस्त्यांसाठीही समित्या सांगितल्या आहेत. दावा आल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर ९ टक्के व्याज. ही रक्कम पुढे दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची आहे.

आधी विचारा: जागा कुणाची?

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. राष्ट्रीय महामार्गाची जबाबदारी एका यंत्रणेची, राज्यमार्ग बांधकाम विभागाचा, ग्रामीण रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा, गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. म्हणून माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका: हा रस्ता कुणाच्या ताब्यात, दुरुस्तीचं कंत्राट कुणाकडे, शेवटची दुरुस्ती कधी? उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. पण त्यासाठी भरपाईचा अर्ज थांबवू नका.

हॉटेल, मॉल, खासगी दवाखान्यात तुम्ही पैसे देणारे ग्राहक असाल आणि ओल्या फरशीवरून किंवा तुटक्या पायरीवरून पडलात, तर वाट वेगळी. तिथे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

सरकारी इमारतीत पडलात तर दिवाणी दावा हा मार्ग राहतो. सरकारविरुद्ध दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. इथे मुदतीची चूक महागात पडते, त्यामुळे वकिलाला लवकर भेटा.

पुरावा पहिल्याच दिवशी

१. जागेचे फोटो आणि व्हिडिओ लगेच काढा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जाऊ शकतो. शेजारी चप्पल किंवा काठी ठेवा, म्हणजे खोली कळेल. आजूबाजूची पाटी किंवा दुकानही फोटोत येऊ द्या.

२. दवाखान्यात काय सांगता ते महत्त्वाचं आहे. नुसतं "घसरून पडलो" म्हटलं, तर कागदावर तेवढंच येतं आणि पुढे तेच तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. "अमुक ठिकाणी खड्ड्यामुळे पडलो" असं खरं कारण स्पष्ट नोंदवायला लावा.

३. पोलीस ठाण्यात नोंद करा, प्रत घ्या.

४. पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या.

५. बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बुडालेल्या मजुरीबद्दल मुकादम किंवा मालकाचं पत्र, सगळं एका फाईलमध्ये ठेवा.

६. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पडलो म्हणजे पैसे मिळालेच, असं नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला, तेव्हा १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. राजकोटमध्ये मात्र रस्त्याकडेचं झाड पडून मृत्यू झाला, त्या प्रकरणात १९९७ मध्ये महापालिका जबाबदार ठरली नाही. तुमचाही निष्काळजीपणा दिसला, तर रक्कम कमी होऊ शकते. म्हणून खोटं काही जोडू नका. खरं आहे ते नीट मांडा.

वकिलाला पैसे नाहीत?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. म्हणजे जातीच्या दाखल्यासह बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. मोफत फोन १५१०० आहे. ऊसतोडीला गेलेला माणूस परजिल्ह्यात पडला, तर त्याने तिथल्या प्राधिकरणाची मदत घ्यावी.

कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या भागातल्या धोकादायक जागांची यादी करा आणि संबंधित कार्यालयाला आजच लेखी कळवा. उद्या कुणी तिथे पडलं, तर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायला जागा उरणार नाही. आणि कदाचित त्या कागदामुळे खड्डा आधीच बुजेल. भरपाईपेक्षा तेच मोठं.