रेग्युलेटरची कळ फिरवली की काय होतं?

भरलेलं सिलिंडर घरी आलं की दोरी ओढून टोपी काढायची, रेग्युलेटर खटकन बसवायचा आणि कळ फिरवायची. रोजच्या या कामामागची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे.

१४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रवरूपात असतात. वरच्या मोकळ्या जागेत त्यांची वाफ साठते आणि शेगडीपर्यंत जाते ती ही वाफच. तिचा दाब उन्हाळ्यात वाढतो, थंडीत उतरतो. पण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतोच.

टोपी काढल्यावर सिलिंडरच्या पितळी तोंडात एक बारीक पिन आणि गोल रबरी वॉशर दिसतो. आतली स्प्रिंग आणि खुद्द गॅसचा दाब, दोन्ही मिळून झडप वर दाबून धरतात. म्हणजे ही झडप एरवी बंदच असते; पिन खाली दाबली तरच उघडते. रेग्युलेटर नुसता बसवून ती दाबली जात नाही. कळ ‘ऑन’ केली की त्याच्या पोटातली दांडी खाली उतरते आणि पिन दाबते. म्हणूनच रेग्युलेटर बसवताना आणि काढताना कळ बंद हवी.

यापुढचं काम दाब उतरवण्याचं. रेग्युलेटरच्या चपट्या, गोल भागात एक लवचीक पडदा असतो. त्याच्या वर स्प्रिंग, खाली गॅस. बर्नर पेटला की खालचा दाब घटतो, स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते आणि पडद्याला जोडलेली तरफ गॅसची वाट उघडते. बर्नर बंद केला की दाब वाढून पडदा उचलला जातो, वाट मिटते. या सततच्या वरखाली होण्यामुळे नळीतला दाब साधारण ३० मिलिबारवर टिकतो आणि ज्योत एकसारखी जळते.

मात्र साध्या रेग्युलेटरला नळी फाटलेली कळत नाही. चिरेतून गॅस निसटला, तरी त्याच्या लेखी बर्नर पेटल्यासारखंच असतं. तो गॅस सोडत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतो.

तेव्हा रात्री शेगडीबरोबर रेग्युलेटरची कळही बंद करा. नवं सिलिंडर घेताना वॉशर जागेवर आहे ना, हे आणणाऱ्याकडूनच तपासून घ्या. वास आलाच, तर विजेच्या बटणांना हात न लावता कळ बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.