अडलेल्या घराला कुणाचा हात?

चवथ म्हणजे गोव्यातला वर्षाचा मोठा सण. माटोळीचा बाजार, मुलांना नवे कपडे, मुंबईहून गावी आलेली माणसे. हातात पैसा नसला तरी सण मोडत नाही. उसनवारी करून का होईना, तो साजरा होतोच.

२०१२ साली चवथ १९ सप्टेंबरला होती. तिच्या नऊ दिवस आधी, १० सप्टेंबरला, राज्य सरकारने खनिज उत्खनन स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. पावसाळ्यात खाणी बंदच असतात. पाऊस ओसरला की ट्रक रस्त्यावर येणार, बँकेचे हप्ते फिटणार, या हिशोबावर डिचोली तालुक्यातली कितीतरी घरे चालत होती. त्या वर्षी पाऊस ओसरला, पण ट्रक हलले नाहीत. बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीकडे लेकीच्या घरी जाणाऱ्या आपल्या वाचकांनी अंगणात ताडपत्री घालून उभे केलेले ट्रक तेव्हा पाहिले असतील.

अशा वेळी घर सावरते कोण? पहिला हात शेजाऱ्यांचा आणि वाण्याच्या उधारीच्या वहीचा. पण खाणपट्ट्यातला वाणी, गॅरेजवाला, चहाचा गाडेवाला हे सगळे त्याच ट्रकांवर जगत होते. सगळ्यांचीच चूल एका लाकडावर पेटत असेल, तर विस्तव मागायला जायचे कुणाच्या दारी?

मोठ्या दानाचेही तसेच असते. खाण कंपन्यांनी एकत्र येऊन २००० साली ‘मिनरल फाउंडेशन ऑफ गोवा’ ही संस्था काढली. खाणींच्या झळा सोसणाऱ्या गावांसाठी काम करणे हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण देणाऱ्याची मिळकत आणि घेणाऱ्याची मजुरी एकाच डोंगरातून येत असली, की डोंगर बंद पडताच दोन्ही थांबतात. निधीची गरज सर्वांत जास्त त्याच दिवशी असते आणि त्याची भरही त्याच दिवशी आटते.

या अनुभवानंतर चित्र थोडे बदलले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि खनिजाच्या विक्रीतला १० टक्के वाटा कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. आजचा डोंगर उद्याच्या पिढीसाठी थोडा तरी शिल्लक राहावा, हा त्यामागचा विचार. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुने खाणपट्टे रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेले पट्टे १० टक्के रक्कम त्यात भरतात. ती खाणबाधित भागासाठी, म्हणजे पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-मुले आणि वृद्धांसाठी वापरायची असते. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. पुढे डिचोलीचा पट्टा २०२२ मध्ये लिलावात गेला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले.

मात्र या निधीतून गावाला नळ मिळतो, घराला महिन्याचे तांदूळ नाही. घरखर्चासाठी आधार आहे तो सरकारी योजनांचा. ज्येष्ठ, विधवा आणि दिव्यांगांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिच्यात ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात. खाणी पहिल्यांदा थांबल्या त्याच २०१२ साली ‘गृह आधार’ सुरू झाली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या गृहिणीला तिच्यातून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही. पण ती बाईच्या स्वतःच्या खात्यात येते, आणि नवऱ्याचे काम थांबले तरी थांबत नाही.

आता पेडण्याकडे वळू. इथे लोहखनिजाचा पट्टा नाही. इथे मोपा आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. विमानतळ, रस्ते, इमारती यांच्या बांधकामांवर बेळगाव, बागलकोट, विजापूरकडची माणसे दिसतात. घरात कन्नड, बाजारात कोकणी-मराठी. मुले आईला ‘अव्वा’ म्हणतात आणि शाळेत मराठी कविता पाठ करतात. अशा घरावर आजारपण आले, की योजनेचे दार बंद दिसते. कारण गृह आधारसाठी गोव्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. पंधरा वर्षे पुरी व्हायच्या आतच अडचण आली, तर?

अशांसाठी एक दार आहे, पण ते फारसे कुणाला माहीत नसते. १९९६ च्या कायद्याने राज्याराज्यांत बांधकाम कामगार कल्याण मंडळे झाली. बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर या मंडळाकडे जमा होतो. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवसांचे बांधकामाचे काम, ही नोंदणीची मुख्य अट. माणूस कुठल्या गावचा, यापेक्षा त्याने काम किती केले याला इथे मोल आहे. म्हणजे हा पैसा दयेचा नव्हे, त्याच्याच घामातून साठलेला आहे. पण नोंदणी नसेल, तर तो मिळत नाही. आणि नोंदणीची आठवण येते ती बहुधा माणूस मचाणावरून पडल्यावर.

तेव्हा वाचकहो, गोव्यात आपली लेक, भाऊ किंवा गावचा कुणी असेल, तर पुढच्या फोनवर खुशालीबरोबर तीन गोष्टी विचारा. वास्तव्याचा दाखला मिळेल इतके कागद जपून ठेवलेत का? घरातल्या बाईचे स्वतःचे बँक खाते आहे का? बांधकामावर असाल तर नोंदणी झाली का, आणि तिचे नूतनीकरण केले का?

शेजारी वाटीभर तांदूळ देतात, तो माणुसकीचा निधी. तो कधी आटू नये. पण त्यावर महिनोन्‌महिने घर चालत नाही. म्हणून अडचण दाराशी येण्याआधी हक्काच्या निधीचे दार कुठे आहे, ते पाहून ठेवावे. पुढची चवथ उसनवारीवर करावी लागू नये, एवढ्यासाठी तरी.