शब्दसाखळीपासून कृतिपत्रिकेपर्यंत : माजलगाव भागातला इंग्रजीचा तास

सिंदफणेवर धरण झालं, कालव्यांना पाणी आलं, माजलगाव तालुक्यात ऊस उभा राहिला. तरीही दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीला कोयते निघतातच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रकमध्ये भांडीकुंडी भरली जातात आणि अख्खं कुटुंब पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागतं. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. दहावीची परीक्षा नेमकी याच हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते.

म्हणून इथल्या इंग्रजीच्या तासाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. मराठीचा धडा आजीजवळ बसूनही वाचता येतो. गणिताचा सराव मोठा भाऊ घेऊ शकतो. इंग्रजी मात्र शाळेबाहेर कानावरच पडत नाही. शिक्षकाच्या तोंडून येईल तेवढीच भाषा, आणि तीही रोजच्या एका तासिकेपुरती. ती तासिका धडा मराठीत समजावून सांगण्यात आणि उत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्यात गेली, तर मुलाच्या वाट्याला इंग्रजीचं एक वाक्यही बोलायला येत नाही.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत पाचवीला पहिल्यांदा ए-बी-सी-डी दिसायची. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला तो निर्णय योग्यच वाटतो, कारण त्यामुळे खेड्यातल्या मुलाला इंग्रजी आधी ऐकायला आणि मग वाचायला मिळण्याची सोय झाली. पहिली-दुसरीच्या वर्गात हातवारे करून म्हटलेली गाणी, ‘स्टँड अप, टर्न अराउंड’ अशा सूचनांवर उड्या मारणारी मुलं, दप्तरातल्या वस्तू वर करून त्यांची नावं सांगणं, हे सगळं जिल्हा परिषदेच्या शाळांत आता रुळलं आहे. गाडं अडतं ते आठवीनंतर. परीक्षा दिसायला लागली की खेळ बंद होतात आणि गाईड उघडलं जातं.

असं का होतं? उत्तीर्णतेच्या नियमात याचं एक कारण सापडतं. दहावीला तिन्ही भाषांत मिळून १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५ मिळाले, तर विद्यार्थी भाषागटात पास होतो. मराठी-हिंदी वर काढतील, इंग्रजीत २५ झाले तरी पुरे, असा हिशेब पालकही करतात आणि काही शिक्षकही. मग अपेक्षित प्रश्नसंच आणायचा, दोन पत्रं आणि एक गोष्ट पाठ करायची, एवढ्यावर वर्ष निघतं. मुलगा पास होतो. अकरावीत पुस्तक उघडल्यावर त्याला एक परिच्छेद धड वाचता येत नाही. तेव्हा त्याची जबाबदारी घ्यायला कोणी नसतं.

वाईट याचं वाटतं की आताची परीक्षा पाठांतरासाठी बनवलेलीच नाही. २०१८-१९ पासून दहावीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. मराठी माध्यमाची मुलं तृतीय भाषा म्हणून जी इंग्रजी घेतात, तिची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. धड्यांतल्या उताऱ्यांना २० गुण, कवितेला १०, न पाहिलेला उतारा आणि सारांश यांना १५, लेखनाला २०, भाषांतराला ५. उरलेले पहिले १० गुण भाषाभ्यासाचे, आणि ही मेजवानी वर्गातल्या खेळांचीच आहे. शब्दांतली गाळलेली अक्षरं भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, एका लांब शब्दातल्या अक्षरांतून चार छोटे शब्द तयार करा, शब्दसाखळी पूर्ण करा. पाचवीच्या मुलालाही यात रमता येईल.

शब्दसाखळीच घ्या. आपली अंताक्षरी इथे शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर खेळली जाते. एका रांगेनं ‘रिव्हर’ म्हटलं की शेवटी आर, म्हणून पुढची रांग ‘रोड’ म्हणते. डी वरून ‘डॅम’, एम वरून ‘मार्केट’, टी वरून ‘ट्रॅक्टर’, पुन्हा आर वरून ‘रेन’. नदी, रस्ता, धरण, बाजार, ट्रॅक्टर, पाऊस : माजलगावच्या पोराला यातलं काहीच परकं नाही. आता कोणी ‘केन’ म्हटलं, म्हणजे ऊस. पुढचा मुलगा कानाला लागलेल्या ‘न’वरून ‘नाईफ’ म्हणून मोकळा होतो. मुरलेला शिक्षक इथे रागावत नाही. तो दोन्ही शब्द फळ्यावर लिहायला लावतो. ‘केन’च्या शेवटी न उच्चारलेला ई बसलेला दिसतो, ‘नाईफ’च्या सुरुवातीला मुका के. वर्गात गलका होतो, कोणीतरी ‘एग’ म्हणतं आणि साखळी पुढे जाते. मुक्या अक्षरांचा हा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही. परीक्षेत याच कृतीला दोन गुण असतात.

लेखनाच्या भागातही असंच आहे. माहितीचं रूपांतर नावाची एक कृती असते : तक्ता किंवा ओघतक्ता दिलेला असतो, त्यावरून परिच्छेद लिहायचा, किंवा परिच्छेदावरून तक्ता भरायचा. गाईडमध्ये यासाठी कुठल्या तरी कारखान्यात कागद कसा बनतो वगैरे नमुने असतात. इथल्या मुलांनी कागदाचा कारखाना पाहिलेला नसतो, उसाचा फड मात्र बघितलेला असतो. ऊस तोडतात, वाढे छाटतात, मोळी बांधतात, गाडी भरतात, कारखान्यावर वजन होतं, मग गाळप. हेच ओघतक्त्यात मांडलं की इंग्रजीचा कर्मणी प्रयोग आपोआप गळ्यात उतरतो : ‘द केन इज कट. इट इज टाइड इन बंडल्स. द बंडल्स आर लोडेड. द केन इज वेड ॲट द फॅक्टरी.’ जो प्रयोग व्याकरणाच्या तासाला ‘ऑब्जेक्ट पुढे आणा, क्रियापदाचं तिसरं रूप लावा’ असं घोकूनही चुकतो, तो इथे चार ओळींत बसतो. कारण कोण तोडतं हे मुलाला सांगायचंच नसतं. काय काय होत जातं, एवढंच सांगायचं असतं. फडावर राहून आलेल्या मुलीला या कृतीत वर्गातल्या हुशार मुलापेक्षा जास्त माहिती असते आणि ती पहिल्यांदाच बोट वर करते. अशा वर्गाला मी मनापासून मानतो.

पत्रलेखनाचंही तेच. काल्पनिक मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यापेक्षा फडावर असलेल्या वडिलांना सहामाहीचा निकाल कळवणारं पत्र मुलं जीव ओतून लिहितात. संवादलेखनासाठी आधी बाजारातला भाव ठरवण्याचा प्रसंग दोघांनी वर्गात करून दाखवावा, मग वहीत उतरवावा. उलट क्रमानं केलं की संवाद मेलेला उतरतो.

कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण असतात आणि इथे मात्र परिस्थिती चिंतेची आहे. कवीचं नाव, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असा साचा ठरला आहे. तो इतका पाठ होतो की कविता न वाचताही लिहिता येतो. साचा असावा, पण आधी कविता दोन-तीनदा मोठ्यानं म्हटली गेली पाहिजे.

तोंडी परीक्षेच्या २० गुणांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषांचे हे गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. लगेच पुढच्या वर्षापासून ते गुण परत दिले गेले. मला ते परत यायला हवेच होते असं वाटतं, पण वाटून टाकण्यासाठी नव्हे. ऐकणं आणि बोलणं तपासणारी ही एकमेव जागा आहे. तिथे मुलाला दोन मिनिटं खरोखर बोलतं केलं, तर वर्षभर बोलण्याचा सराव घेण्याला अर्थ येतो.

दूरच्या थायलंडमध्येही शिक्षक याच पेचात असतात. तिथे पहिलीपासून इंग्रजी आहे, शिकवण्यात खेळ-नाट्य आणण्याचा प्रयत्न असतो; पण ओ-नेट ही राष्ट्रीय चाचणी प्रामुख्यानं पर्याय निवडण्याची. बोलण्याला तिथे गुण नाहीत, म्हणून बोलणं मागे पडतं. आपल्या मंडळानं निदान कृतीला गुण दिले आहेत. ती सोय वाया घालवणं परवडणारं नाही.

शिक्षकांना एकट्यानं हे जमत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय इंग्रजी संस्थेनं माध्यमिक शिक्षकांसाठी चालवलेला ‘चेस’ आणि टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल व राज्य शासनाचा २०१६ मध्ये सुरू झालेला ‘तेजस’ या दोन्ही उपक्रमांत कामाची गोष्ट एकच होती : जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळानं एकत्र बसतात आणि आपल्या वर्गात काय चाललं, काय फसलं ते एकमेकांना सांगतात. व्याख्यानांपेक्षा हे कितीतरी उपयोगी. उपक्रम संपले तरी अशा बैठकांना शासनाच्या आदेशाची गरज नसते.

राहिला प्रश्न हंगामात मागे राहणाऱ्या मुलांचा. हंगामी वसतिगृहांमुळे सहा ते चौदा वयाची मुलं गावात राहून शाळेत येऊ शकतात. शासनानं २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांच्या योजनेला मंजुरी दिली. जेवणाची आणि निजण्याची सोय झाली की संध्याकाळ मोकळी असते. माजलगावात महाविद्यालयं आहेत, इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणारी मुलं-मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक-एक तास यांच्यापैकी कोणी जवळच्या वसतिगृहात द्यावा. गाईड नेऊ नये. शब्दसाखळी खेळावी, उसाच्या मोळीचा ओघतक्ता काढून घ्यावा, प्रत्येकाकडून वडिलांना एक पत्र लिहून घ्यावं. सुरुवात करण्यासाठी आपल्या भागातल्या मुख्याध्यापकांना भेटावं, येत्या दिवाळीच्या आधीच.