पुरुषपण येते कोठून?

सुट्टीत घरी गेलेल्या मुलाने झाडू हाती घेतला की आजीच तो काढून घेते, असे पालक हसत सांगतात. वसतिगृहात मात्र तोच मुलगा रोज केर काढतो. मग झाडू बाईचा, हे ठरविले कोणी?

जव्हार-मोखाड्यातील वारली समाजाकडे पाहावे. लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच. १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, शहरांत त्यांना मोल मिळू लागले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या पाठोपाठ अनेक पुरुष चित्रे काढू लागले. मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. आज या कामाला कोणी बायकी म्हणत नाही. बांबूची काडी तीच, पीठही तेच; पैसा आणि प्रतिष्ठा तेवढी नवी.

आपल्या समाजाने याची दुसरी, कडवट बाजू भोगली आहे. १८१८मध्ये कोरेगावी लढलेल्या महारांना इंग्रजांनी १८९०च्या दशकात 'लढाऊ जात नव्हे' म्हणून सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच पुन्हा घेतले, युद्ध सरताच काढले आणि १९४१मध्ये महार रेजिमेंट उभारली. मर्दपणा रक्तात असता, तर तो सरकारी कागदाने असा येता-जाता ना!

आजीचा झाडूही अशाच जुन्या हुकुमाने चालतो. पुढच्या सुट्टीत तो नातवाच्या हाती राहू द्यावा, एवढी आमची पालकांना विनंती आहे.