चौकट : वाघापलीकडचे चांदोली

गटाने सफारीला जाताना वाघाच्या दर्शनावर सहलीचे मोल ठरवू नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा; सातारा, सांगलीसह चार जिल्ह्यांत पसरलेला. दक्षिण आफ्रिकेच्या उघड्या माळावर सिंह लांबूनही दिसतो. इथल्या दाट रानात गवाही हाकेच्या अंतरावर लपतो. ‘मग पैसे कशाला मोजायचे?’ हा प्रश्न रास्तच. पण २०१२ मध्ये कोयना-चांदोली जागतिक वारशात गेले ते पश्चिम घाटाच्या अख्ख्या जीवसृष्टीमुळे. जांभ्याच्या सड्यावर पाऊस सरताना उमलणारी रानफुले त्याच वारशातली. शिवाय या रानासाठी माणसांनी आपली गावे सोडली. तो इतिहास सांगणारा स्थानिक वाटाड्या गटाने आवर्जून मागावा.