घरातला समुद्र : दिवा घेण्याआधी

गेल्या मार्च महिन्यात आमच्यापुढे एक जामीनपत्र सहीसाठी आले. धामणगाव बढे येथे असे कागद आमच्याकडे येणे नवीन नाही. आम्ही पडलो कारकून, शिक्षण बी.कॉम., त्यात थोडेफार समाजाचे काम करणारे. कुणाची शिलाई मशीन, कुणाची पिठाची गिरणी, कुणाच्या पोरीची नर्सिंगची फी, जामीनदार म्हणून आमचे नाव पुढे होतेच. पण या कागदावर कर्जाचे कारण लिहिले होते, 'फिश टँक व लाईट'. रक्कम रुपये ३५,०००.

कागद आणणारा मुलगा आमच्याच गल्लीतला. आय.टी.आय.मधून वायरमन झालेला, मोटारी दुरुस्त करून घर चालवणारा. दोन वर्षांपासून त्याच्या घरी गप्पी आणि गोल्डफिश आहेत, आणि ते चांगले जगले आहेत. "जयभीम काका, सही द्या न. मले घरात समुद्र करायचा हाये," असे तो म्हणाला. मोबाईलवर त्याने आम्हाला चित्रे दाखवली. निळ्या उजेडात हिरवी, जांभळी, केशरी फुले डोलत होती. ती फुले नव्हेत, प्रवाळ होते.

आमच्या मोताळा तालुक्यापासून समुद्र दूर. मलकापूर स्टेशनावरून गाडीत बसले तर मुंबई सुमारे ५०० किलोमीटर. म्हणून गरिबाच्या पोराने समुद्राची हौस करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. हौस ही काय बंगलेवाल्यांचीच मक्तेदारी आहे काय? परंतु सही करण्याआधी हिशेब पाहणे हा आमचा धर्मच. आम्ही त्याला शहरातील दुकानदाराने दिलेले कोटेशन मागितले. त्यात काचेची टाकी, मीठ, दगड, 'जिवंत प्रवाळ ३ नग' आणि सर्वांत मोठा आकडा दिव्याचा होता, २५० वॅटचा जुना मेटल हॅलाईड. इतका मोठा दिवा कशाला, हे विचारल्यावर पोरगा म्हणाला, "दुकानदार सांगते, लाईट जितका कडक तितका कोरल खुलते."

इथेच आम्हाला शंका आली आणि पुढच्या चार-पाच संध्याकाळी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा छंद आता लहान गावांतूनही पसरू लागला आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचे एकेक तोंड टाचणीच्या डोक्याएवढे किंवा बटणाएवढे. परंतु त्याच्या शरीराच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा आपल्या घरमालकाला देते. म्हणजे प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा शोभेचा नाही, तो त्या जीवाची चूल आहे. गोल्डफिशवर दिवा लावला नाही तरी चालते, तो दाणे खाऊन जगतो. प्रवाळावर महिनाभर दिवा लावला नाही तर तो उपाशी मरतो. (मंगळाच्या नावाने जे लाल पोवळे अंगठीत बसवून विकतात ते मात्र वेगळे. ते समुद्राच्या अंधाऱ्या भागात वाढते, त्याच्या अंगात शैवाल नसते. त्याला ना उजेडाची गरज, ना मंगळाची.)

आता चूल म्हटली की जाळही बेताचा हवा. उन्हाळ्यातल्या दुपारच्या उन्हात जितका उजेड असतो तो मोजायच्या मापात साधारण २,००० मायक्रोमोल भरतो. मऊ जातीच्या, नवख्याने पाळण्याजोग्या प्रवाळांना ५० ते १५० पुरतो. फांद्याफांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. याहून जास्त झाला तर शैवालच त्या जीवाला तापदायक होते, प्रवाळ ते बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. कमी झाला तर उलट होते. अंगातले शैवाल वाढते आणि सुरेख हिरवा-जांभळा रंग जाऊन तपकिरी कळा येते. तेव्हा 'कडक उजेडात खुलते' हे अर्धसत्य आहे. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ पाहा. १९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात ते आहेत, आणि तिथले पाणी बरेचसे गढूळ, पावसाळ्यात तर विचारूच नका. तरी ते तगून आहेत.

खोक्यावर लिहिलेल्या लुमेनच्या आकड्यावर जाऊ नये, हा दुसरा धडा. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड सर्वांत जास्त दिसतो. पाण्यात लाल उजेड पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, निळा खोलवर जातो. प्रवाळाच्या शैवालाने या निळ्यावरच आपला संसार मांडलेला आहे. म्हणून घरातला साधा ६,५०० केल्विनचा पांढरा दिवा कितीही लख्ख वाटला तरी त्यात निळा वाटा कमी पडतो. प्रवाळाचे दिवे १०,००० ते २०,००० केल्विनचे, निळसर असतात. आपल्याला ते मंद वाटतात. मोबाईलमधले उजेड मोजण्याचे अ‍ॅपही आपल्या डोळ्याच्याच बाजूने साक्ष देते, त्यावर भरवसा ठेवू नये. खरे मोजमाप पार मीटर नावाच्या यंत्राने होते. ते महाग आहे. विकत घेण्यापेक्षा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून एक दिवस मागून आणावे.

आता आमच्या हातचे काम, म्हणजे विजेचे बिल. २५० वॅटचा दिवा रोज १० तास चालला तर अडीच युनिट, महिन्याला ७५ युनिट. ज्या घराचे बिल आज १०० युनिटांच्या आत बसते ते घर या एका दिव्याने वरच्या पायरीवर जाते आणि वरच्या पायरीचा दर वेगळा. शिवाय मेटल हॅलाईड भट्टीसारखा तापतो. टी-फाईव्ह नळ्या बऱ्या, उजेड सगळीकडे सारखा पसरतो, पण वर्षभरात त्यांचा उजेड उतरतो आणि त्या बदलाव्या लागतात. दरवर्षीचा हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो. एल.ई.डी. दिवा घेताना एकदम महाग पडतो, परंतु ८० वॅटचा दिवा ८ तास लावला तर महिन्याला १९ युनिट होतात. निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांची बटणे वेगळी असतील आणि उजेड कमी-जास्त करता येत असेल तोच घ्यावा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे सव्वाशे लिटरच्या टाकीला, मऊ प्रवाळांसाठी, एवढा दिवा पूर्ण ताकदीने लावायची गरजही पडत नाही.

पोरगा वायरमन असल्याने एक गोष्ट त्यानेच आम्हाला शिकवली. मीठपाणी आणि वीज यांचे वैर आहे. टाकीच्या लाईनवर गळती होताच वीज तोडणारे ईएलसीबी हवेच, अर्थिंग खरे हवे, आणि प्रत्येक वायर बोर्डाकडे जाताना खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. दुसरी गोष्ट आम्ही त्याला सांगितली. लाईट गेली की इन्व्हर्टरवर दिवा ठेवू नये, पाणी हलवणारा पंप ठेवावा. एक-दोन दिवस अंधार पडला तर प्रवाळ मरत नाही. पंप काही तास बंद राहिला तर पाण्यातला प्राणवायू कमी होऊन सगळेच जातात.

हिशेब इथवर आला आणि आमची नजर पुन्हा 'जिवंत प्रवाळ ३ नग' या ओळीवर गेली. सोबतच्या चित्रात दगडी प्रवाळ होते. वाचकहो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे हे पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत ही 'फुले'. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ आड आले. तेव्हा एवढ्या मोठ्या महानगरपालिकेलाही ते हलवण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावे लागले. तिथे आमच्या गल्लीतल्या वायरमनची काय कथा? दुकानदार बिलावर 'शोभेचा दगड' लिहून मोकळा होईल. घरात माल सापडेल तो पोराच्या, आणि कर्जाच्या कागदावर नाव निघेल आमचे.

हे ऐकून पोराचा चेहरा उतरला. "मंग काहूनच करायचं काका?" असे तो म्हणाला. आम्हालाही वाईट वाटले. परंतु मऊ प्रवाळांतील सगळेच त्या यादीत नाहीत. छत्रीसारखे, बटणासारखे जे प्रकार मिळतात, ते दगड बांधीत नाहीत, आणि योगायोग असा की कमी उजेडात भागवणारेही तेच. अर्थात ते कुठून आले याचे कागद मागितलेच पाहिजेत.

राहिला प्रश्न उन्हाळ्याचा. प्रवाळाला २४ ते २७ अंश पाणी मानवते. समुद्रातदेखील नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपला असेच फार मोठे नुकसान झाले. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पोराचे घर पत्र्याचे. पाणी थंड करणारे यंत्र दिव्याहून महाग. म्हणून आम्ही एक अट घातली. आधी टाकी, पंप आणि एल.ई.डी. दिवा एवढेच घ्यायचे, समुद्री मिठाचे पाणी भरायचे आणि उन्हाळाभर एकही जीव न सोडता दिवा चालवून पाहायचा. रोज सकाळी, दुपारी, रात्री तापमान वहीत लिहायचे. तेवढ्यासाठी १४,००० रुपयांच्या कागदावर आम्ही सही केली.

सव्वाशे लिटरला साडेचार किलोच्या आसपास समुद्री मीठ लागले. घरातले मीठ चालत नाही, हे त्याच्या आईला पटवायला मात्र वेळ गेला. "मिठात मीठ काय वेगळं असते भाऊ?" असे त्यांनी आम्हालाच विचारले. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पाणी ३३ अंशांवर गेले. दिवा वर चढवला, टाकीवर छोटा पंखा लावला, दिव्याची वेळ दुपारऐवजी संध्याकाळी पाचनंतरची केली. पाणी ३० वर आले. पण पंख्याने पाणी इतके उडू लागले की रोज दोन तांबे गोडे पाणी घालावे लागे, कारण पाणी उडते, मीठ मागे राहते. दगडांवर आधी तपकिरी साय आली, पंधरा दिवसांत गेली. त्या वेळी दिवा पूर्ण ताकदीवर असता तर हिरवळीने टाकी भरली असती. ३० अंशांत प्रवाळ सोडण्याची आमच्या दोघांचीही छाती झाली नाही.

पावसाळ्यात पत्र्यावर पोराने गवताचा थर टाकला, त्याखाली थर्मोकोल बसवला. दिवा आता टायमरवर ८ तास, तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीने चालतो. टाकीत दोन क्लाऊनफिश आहेत. समुद्रातून पकडलेले नाहीत, टाकीतच पैदास झालेले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे बंदिस्त पाण्यात वाढवण्याचे तंत्र बसवल्यापासून ते मिळू लागले. गल्लीतली पोरे शाळेतून येता-जाता खिडकीपाशी उभी राहतात.

बटण प्रवाळाचा एक तुकडा घ्यावा असे त्याच्या मनात आहे. कोणत्या जाती घरी ठेवता येतात आणि कोणते कागद लागतात, असे विचारणारा अर्ज आम्ही वनखात्याच्या नावे लिहून दिला. तो स्वतः बुलढाण्याला जाऊन देऊन आला. अर्जाची शिक्क्याची पोच त्याने टाकीच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे.